तोकड्या जागेंत विमान कसें उतरवितात?

अलास्कांतील कित्येक वस्त्यांस बाहेरचा रस्ता नाहीं. तेथें नदीपात्रांतील गोट्यांचा पट्टा हीच पुष्कळदां धांवपट्टी होते. १९४९ सालीं निघालेलें पायपर कंपनीचें ‘सुपर कब’ हें दुआसनी विमान अशा कामीं नांवाजलेलें आहे. त्याचीं दोन मोठीं चाकें पुढें, व चिमुकलें तिसरें शेंपटीखालीं असतें.

अशा ठिकाणीं वैमानिकाचा खरा वैरी म्हणजे फाजील वेग. जमिनीस टेकतांना वेग १० टक्के अधिक असला, तर थांबण्यास सुमारें २१ टक्के अधिक अंतर लागतें. कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. बरें, वेग फारच घटविला, तर पंखांचा आधार तुटून विमान कोसळतें. म्हणून वैमानिक वाऱ्यास सन्मुख होतो, पंखांच्या मागील कडेच्या झडपा खालीं सोडतो, आणि आधार ज्या वेगास तुटतो त्याच्या सुमारें १.३ पट वेग राखून खालीं येतो. अगदीं शेवटीं तो वेगहि ओसरूं देऊन तिन्ही चाकें एकदम टेकवितो.

खरी कसोटी पुढेंच आहे. विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागें असतो. त्यामुळें तें किंचित् तिरपें झालें, कीं शेंपटी पुढें येऊं पाहते व विमान गरकन् फिरतें. ब्रेक करकचून दाबावा, तर नाक भुईंत! म्हणून वैमानिक दांडा पोटाशीं ओढून शेंपटी दाबून धरतो, पायांनीं सुकाणूं सांभाळतो आणि झडपा मिटतो. मग सारा भार चाकांवर येऊन ब्रेक लागू पडतात.

तथापि, उतरण्यापेक्षां उडण्यास पुष्कळदां अधिक जागा लागते. म्हणून शहाणा वैमानिक परतण्याचा हिशेब आधीं करतो, उतरण्याचा मागाहून.