प्रश्नांचे दप्तर आणि जेऊरचा सूत्रधार

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या दर्शनास रेल्वेने येणारा प्रवासी ज्या जेऊर स्थानकावर उतरतो, त्या गावाचे नाव 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्यामुळे महाराष्ट्रभर झाले. परंतु 2019 साली त्यांनी सोनी मराठी वाहिनीवर 'कोण होणार करोडपती'चे सूत्रसंचालन पत्करले, तेव्हा करमाळा तालुक्याचा संबंध एका निराळ्याच, प्रश्नमंजूषांच्या निर्मितीच्या उद्योगाशी जडला.

आपल्याकडे त्या उद्योगाची पायाभरणी सिद्धार्थ बसू यांनी केली. 1985 साली दूरदर्शनच्या 'क्विझ टाइम'मधून घरोघरी पोहोचलेल्या या गृहस्थांनी पत्नी अनिता कौल बसू यांच्यासह सिनर्जी ही निर्मितिसंस्था उभारली; पुढे रिलायन्स समूह भागीदार झाल्यावर तिच्या नावाआधी 'बिग' हे पद लागले. ब्रिटनमध्ये 1998 साली सेलाडॉर कंपनीने सुरू केलेला खेळ रीतसर परवाना घेऊन स्टार वाहिनीने भारतात आणला, निर्मिती सिनर्जीकडे सोपवली, आणि 3 जुलै 2000 रोजी अमिताभ बच्चन यांचे 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले. त्याच वर्षी पहिला कोट्यधीश ठरला तो मुंबईचा मराठी तरुण, हर्षवर्धन नवाथे.

अशा संस्थेचे खरे कसब, माझ्या मते, रोषणाईत नसून प्रश्नांच्या दप्तरात असते. कमलाभवानीचे मंदिर कोणी बांधले, असा प्रश्न काढावयाचा झाला, तर रावराजे निंबाळकर हे उत्तर ठाऊक असून भागत नाही. उरलेली तीन नावे त्याच काळातील, जाणत्यालाही क्षणभर थबकविणारी हवीत, त्यांपैकी एखाद्याने पुढे जीर्णोद्धार वा बांधकाम केल्याचा दाखला निघता कामा नये, आणि 'बांधले' या क्रियापदावर कोणास हरकत घेता येणार नाही इतकी वाक्यरचना निर्दोष हवी. कारण एका संदिग्ध शब्दापायी स्पर्धकाचे लाखो रुपये आणि संस्थेची पत, दोन्ही पणास लागतात.

मराठीत हा खेळ प्रथम 2013 साली ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांनी चालविला, आणि त्यांच्या भारदस्त, स्वच्छ वाणीने त्याला प्रतिष्ठा दिली. मंजुळे आले ते वडार समाजातून, कवितेतून आणि करमाळ्याच्या मातीतल्या बोलीतून. समोर बसलेल्या शेतकऱ्याला वा अंगणवाडी सेविकेला आपण परीक्षेस बसलो आहोत याचा विसर पडावा, अशी त्यांची ऐकून घेण्याची रीत होती, आणि ती मला अधिक मोलाची वाटते.

त्याच 2019 साली हिंदी कार्यक्रमात अंजनगाव सुर्जीच्या, शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. अशा बाईंना तितकीच मोठी रक्कम वऱ्हाडीत उत्तरे देऊन जिंकता यावी, आणि त्यासाठी मराठी प्रश्नांचे स्वतंत्र दप्तर महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांतून भरले जावे, अशी तजवीज वाहिन्यांनी आता करावी.