सुपरचार्जरला इथेनॉल का मानवते?

सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. दाबलेली हवा तापते. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती मुळातच तापलेली असते. मग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभरावर आहे, शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता शोषून घेते. त्यामुळे हवेचा दाब वाढवता येतो, ठिणगीही थोडी आधी टाकता येते.

ताकद मिळते, पण टाकी लवकर रिकामी होते. १ किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. तेवढ्याच हवेसाठी ई-८५ हे सुमारे ८५ टक्के इथेनॉल असलेले इंधन आकारमानाने साधारण ४० टक्के जास्त सोडावे लागते. म्हणून मोठे इंजेक्टर, जोरकस इंधनपंप, इथेनॉलला टिकणारे रबरी पाइप आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, इंधन-ठिणगीची नवी मांडणी, हे सगळे आलेच. गडचिरोलीतल्या डिसेंबरच्या पहाटे अशी गाडी सुरू व्हायला कुरकुरते, कारण थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही.

गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. तरी पंपावरच्या ई-२० पेट्रोलचा पाचवा हिस्सा अल्कोहोलच! या इथेनॉलची भरपाई ऑक्सिजन सेन्सर एरवी करतो. पूर्ण अॅक्सिलरेटरवर मात्र जुन्या ईसीयूत ती होईलच असे नाही, आणि मिश्रण विरळ पडते. उलट, ई-८५ची मांडणी ठेवून भर दाबावर साधे पेट्रोल जाळल्यास ठोक्यांनी पिस्टन फुटू शकतो.