पासष्टी ओलांडलेल्यांचा बाजार

2022 च्या 1 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात अमेरिकेतल्या टीव्हीवर मेडिकेअरशी संबंधित विमा योजनांच्या जाहिराती 6 लाख 40 हजारांहून अधिक वेळा झळकल्या. आरोग्य धोरणांचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेने ही मोजणी केली. त्यांतल्या चतुर्थांशाहून अधिक जाहिरातींत मेडिकेअरचं सरकारी कार्ड किंवा त्याच्यासारखं दिसणारं कार्ड होतं. ज्येष्ठांना पुढच्या वर्षाची योजना निवडण्याची मुदत 7 डिसेंबरला संपते, म्हणून ही गर्दी. मेडिकेअर ही 65 वर्षांवरील नागरिकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. लिंडन जॉन्सन यांनी 30 जुलै 1965 रोजी तिच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना तिकडची दारं उघडली. त्या पहिल्या लाटेत गेलेली मराठी माणसं आज पासष्टी कधीच ओलांडून बसली आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांसाठी हा विषय दूरदेशीचा नाही, आपल्याच काका-मावशीचा आहे.

ज्येष्ठांसमोर मुख्य वाटा दोन. मूळ मेडिकेअर सरकार थेट चालवतं. ती घेणारा माणूस मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाऊ शकतो, पण खर्चाचा काही वाटा त्याच्या खिशातून जातो आणि त्या वाट्याला वर्षाची कमाल मर्यादा नाही. तो भरून काढायला अनेक जण मेडिगॅप नावाची खासगी पुरवणी पॉलिसी घेतात. दुसरी वाट मेडिकेअर ॲडव्हान्टेजची. इथे सरकार खासगी कंपनीला पैसे देतं आणि कंपनी विमा चालवते. हप्ता कमी, दात-चष्म्याच्या सोयी, खर्चाला वार्षिक मर्यादा. बदल्यात ठरावीक डॉक्टरांचं जाळं आणि अनेक उपचारांसाठी कंपनीची पूर्वपरवानगी. 2024 मध्ये पात्र ज्येष्ठांपैकी 54 टक्के या दुसऱ्या वाटेवर होते. जाहिरातींचा मारा मुख्यतः याच वाटेसाठी असतो.

जाहिरातीच्या शब्दांना लगाम घालण्याचे प्रयत्न बरेच झाले. 2008 च्या कायद्याने न बोलावता दारात येणं आणि आगंतुक फोन करणं बंद केलं. तरीही 2021 मध्ये विक्रीविषयीच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये सिनेटच्या अर्थ समितीचा अहवाल आला. सरकारी पत्रासारखी भासणारी पाकिटं आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या संमतीविना बदललेल्या योजना असे प्रकार त्यात नोंदले आहेत. 2023 मध्ये मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने नियम कडक केले. योजनेचं नाव न घेणाऱ्या जाहिराती आणि सरकारी नाव-बोधचिन्हाचा दिशाभूल करणारा वापर यांवर बंदी आली. ज्येष्ठाने भेटीला संमती दिल्यानंतर प्रत्यक्ष विक्रीच्या बोलण्यापूर्वी साधारणपणे 48 तास जाऊ द्यावेत, असंही ठरलं. मला यातला हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. मुलाला फोन करायला, आपला डॉक्टर त्या जाळ्यात आहे का हे विचारायला दोन दिवस हाताशी येतात.

पण शब्दांवरचा पहारा पुरत नाही, कारण खोट शब्दांच्या मागे, एजंटच्या मिळकतीत आहे. 2024 मध्ये नव्या नोंदणीमागे कमिशनची कमाल मर्यादा देशाच्या बहुतेक भागांत 611 डॉलर होती. मर्यादा होती खरी, पण कंपन्या 'प्रशासकीय खर्च', 'विपणन साहाय्य' अशा नावांनी वेगळी रक्कम देत आणि ती योजनेगणिक बदले. एप्रिल 2024 मध्ये यंत्रणेने ही पळवाट बुजवायचं ठरवलं. जुलैमध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने त्या नियमाची अंमलबजावणी थांबवली. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तीन मोठ्या विमा कंपन्या आणि तीन दलाल कंपन्यांवर, ग्राहक वळवण्यासाठी कोट्यवधी डॉलर दिल्या-घेतल्याचा आरोप ठेवला. कंपन्यांनी तो फेटाळला आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. 2024 मध्ये सरासरी ज्येष्ठासमोर ॲडव्हान्टेजच्या 43 योजना होत्या. एजंट नसेल तर त्याने निवड करायची कशी? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एजंटचा मोबदला सर्व योजनांसाठी सारखा हवा. ज्याच्या सल्ल्यावर इतकं अवलंबून आहे, त्याला एका उत्तराचे जास्त पैसे मिळता कामा नयेत. दुसरा आक्षेप असा, की ही सुजाण, प्रौढ माणसं आहेत, त्यांना स्वातंत्र्य द्या. योजना आवडली नाही तर बदलतील. इथे मात्र वस्तुस्थिती वेगळी आहे. मूळ मेडिकेअरकडे परतता येतं, पण कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि न्यूयॉर्क ही चार राज्यं सोडली, तर विशिष्ट सवलती वगळता मेडिगॅप कंपनी जुन्या आजाराकडे बोट दाखवून पॉलिसी नाकारू शकते. म्हणजे तब्येत बरी असताना केलेली निवड तब्येत बिघडल्यावर फिरवता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच पूर्वपरवानगीची गाठ पडते. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये दाखवून दिलं, की तपासलेल्या नाकारलेल्या पूर्वपरवानगी-अर्जांपैकी 13 टक्के अर्ज मूळ मेडिकेअरच्या निकषांत बसत होते. परतीचा रस्ता इतका अरुंद असताना विकणाऱ्यावर नियम कडक असणं हा ज्येष्ठांच्या शहाणपणाचा अपमान नाही.

तिकडे असलेल्या आई-वडिलांसाठी योजना निवडायची असेल, तर टीव्हीवरच्या नंबरला फोन लावण्याआधी त्यांच्या राज्याच्या 'शिप' सल्ला केंद्राला लावा. ही सेवा सरकारी अनुदानावर चालते, मोफत आहे आणि तिथल्या सल्लागाराला कोणत्याही योजनेचं कमिशन मिळत नाही. पासष्टीला पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज योजना घेतली असेल, तर पहिल्या 12 महिन्यांत मूळ मेडिकेअरकडे परतून आजारांची चौकशी न होता मेडिगॅप घेता येतं. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.