हलक्या बाळांचे कोडे

गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्या आईचे बाळ सरासरी दीडशे-दोनशे ग्रॅमने हलके जन्मते आणि जितके बाळ हलके तितका ते दगावण्याचा धोका मोठा, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी एक विचित्र गोष्ट मांडली. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे तेवढी पाहिली, तर त्यांत सिगारेट ओढणाऱ्या मातांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा कमी दगावत होती! मग तंबाखू खरेच घातक आहे का, असाही प्रश्न विचारला गेला.

आकडे खरे होते. गफलत होती निवडीत.

समजा, एखादे महाविद्यालय उत्तम गुणांवर किंवा खेळातील प्रावीण्यावर प्रवेश देते. त्या वर्गात खेळाडू अभ्यासात मागे वाटतील. खेळाने बुद्धी मंदावते म्हणून नव्हे, तर ज्यांच्याकडे खेळ नाही ते सगळे गुणांच्या जोरावरच आत आलेले असतात म्हणून.

बाळांचे तसेच. वजन कमी भरण्याची कारणे अनेक: तंबाखू, आईला झालेला संसर्ग, बाळातील जन्मजात दोष. हलके बाळ असलेली आई सिगारेट ओढत नसेल, तर वजन घटण्याला दुसरे काहीतरी कारण असलेच पाहिजे, आणि ते बहुधा तंबाखूपेक्षा भयंकर असते. म्हणजे तुलना तंबाखूची निरोगीपणाशी नव्हे, जीवघेण्या दोषाशी होत होती. दोन कारणे ज्या एका परिणामावर येऊन आदळतात, त्याला संशोधक ‘कोलायडर’ म्हणतात. त्या परिणामाच्या चाळणीतून माणसे निवडली, की नसलेले नाते दिसू लागते, कधी असलेले उलटे होते.

येथे आणखी एक फसगत होते. वजनदार बाळांना तंबाखू मारक, हलक्यांना तारक, असे चित्र दिसले की त्याला ‘इंटरॅक्शन’ म्हणावेसे वाटते. खरी इंटरॅक्शन असतेच. अॅस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याने सिगारेटही ओढली, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्ही धोक्यांच्या बेरजेहून जास्त होतो. बाळांच्या बाबतीत मात्र हे उलटे चित्र निव्वळ निवडीतूनही उमटू शकते. सोनिया हर्नांडेझ-डियाझ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे बाणांच्या साध्या आकृत्यांनी दाखवले. १९९१ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या बाळांची, वजनाची चाळणी न लावता तुलना केली, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्या मातांच्या बाळांचा मृत्युदर सुमारे दीडपट भरला.

आपल्याकडे सिगारेटपेक्षा मशेरीची काळजी मोठी. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. शिवाय त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे आणि बाळ मृतावस्थेत जन्मण्याचे प्रमाणही अधिक आढळले.