पर्वत पाटियाहून समुद्राखालच्या शहरांत

पर्वत पाटियाला पर्वत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पर्वत नावाचं गाव, त्याच्या फाट्यावरचा पाटिया, म्हणजे पाटी, आणि आजूबाजूची जमीन तळहातासारखी सपाट. नेदरलँडचंही तसंच आहे. युरोपातल्या त्यांच्या भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे फाल्सरबर्ख. उंची ३२२ मीटर, आणि नावात ‘बर्ख’ म्हणजे पर्वत! सप्तशृंगीच्या पायऱ्या चढलेल्या खान्देशी माणसाला त्याला टेकडी म्हणायलाही संकोच वाटावा.

सप्टेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ असं वर्षभर कंपनीच्या प्रोजेक्टसाठी मी आणि बायको डेल्फ्टमध्ये राहिलो. ऑफिस रॉटरडॅमला, ट्रेनने पंधरा मिनिटांवर. शनिवार-रविवार फिरण्याचे. परत आल्यावर सगळे विचारतात, काय काय पाहिलं? ट्युलिप, पवनचक्क्या, व्हॅन गॉखची चित्रं हे सगळं पाहिलंच, आणि त्याचे हजारो व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. पप्पांनी मात्र पहिल्याच व्हिडिओ कॉलवर वेगळं विचारलं होतं, “घरासमोर एवढं पाणी दिसतंय, मग तिथं पाणी भरत नाही का?”

ज्याच्या सोसायटीच्या जिन्यावर पाण्याची रेघ आहे, त्यालाच हा प्रश्न पडतो.

आपण स्खिपोल विमानतळावर उतरतो तेव्हाच समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली असतो. तिथं पूर्वी मोठं सरोवर होतं. वाफेवर चालणारे प्रचंड पंप लावून १८५२ पर्यंत त्यांनी ते उपसून टाकलं. त्यातलं एक पंपघर हार्लेमजवळ क्रुकियस इथे अजून आहे, म्युझियम म्हणून. देशाची सुमारे पाव जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून बोटीने फिरताना गाइड सांगतो, की धरण चौकातला राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. हा आकडा तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतो.

पण ॲमस्टरडॅममध्ये मला सर्वांत आवडलेली जागा टूरवाले दाखवत नाहीत. वॉटरलोप्लाइनजवळ महापालिका आणि ऑपेरा यांची मिळून एक इमारत आहे. आत काचेचे तीन उभे नळ आहेत, पाण्याने भरलेले. दोन नळांत समुद्रकाठच्या दोन गावांची त्या क्षणाची पातळी दिसते, भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली होणारी. तिसऱ्यातलं पाणी आपल्या डोक्याच्या खूप वर, ४.५५ मीटरवर थांबलेलं आहे. ही १९५३ च्या पुराची पातळी. ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्र आत घुसला आणि देशात १,८३६ माणसं गेली. तिथंच खाली पितळेचा एक गोल खिळा आहे: त्यांच्या मोजणीचा शून्य. देशातली प्रत्येक उंची त्या शून्यापासून मोजतात. आमच्या धंद्यात सगळ्या सर्व्हरची घड्याळं एकाच वेळेला बांधलेली असतात, नाहीतर कुठली गोष्ट आधी घडली तेच कळत नाही. तसंच हे. आपल्याकडे मात्र “गेल्या वर्षी दुसऱ्या पायरीपर्यंत होतं, यंदा तिसऱ्या” असं प्रत्येक घराचं वेगळं मोजमाप.

आता थोडं माणसांविषयी. डच लोक रुक्ष असतात असं मला जाण्याआधी सांगितलं होतं. रुक्ष नव्हे, डायरीवाले म्हणा. कॉफीला भेटायचं तरी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते. एका सहकाऱ्याच्या घरी वाढदिवसाला गेलो. निमंत्रणात वेळ दोन ते चार, आणि चार म्हणजे चार. दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, जसं आपल्याकडे सत्यनारायणाला फर्निचर सरकवून सगळे भिंतीला टेकून बसतात. जिचा वाढदिवस तिचं अभिनंदन तर करायचंच, पण तिचा नवरा, आई, भाऊ, सगळ्यांचंही हात मिळवून करायचं. ही पद्धत बायकोला फार आवडली. केकचा तुकडा मात्र एकच. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, आग्रह तर दूरच. घरी येऊन आम्ही पोहे केले.

त्याच सहकाऱ्याने पुढे आम्हाला मुलीच्या ‘पोहण्याच्या परीक्षेला’ बोलावलं. मला वाटलं, स्पर्धा असेल. तर तलावाकाठी आजी-आजोबा फुलं घेऊन बसलेले, आणि सहा-सात वर्षांची मुलं शर्ट, पँट, बूट घालून पाण्यात उडी मारतायत! पहिलं प्रमाणपत्र कपड्यांसह पोहून दाखवल्याशिवाय मिळत नाही. कालव्यात पडणारं मूल स्विमिंग सूट घालून पडत नाही, हे त्यामागचं साधं कारण. तिथल्या बहुतेक कालव्यांना कठडेच नाहीत. कठडा बांधण्याऐवजी त्यांनी मुलांना पोहायला शिकवलं. मला दोन्ही हवं असं वाटतं, पण मुलगी ओल्या बुटांनी बाहेर आली आणि आजोबांनी तिला फुलं दिली, तेव्हा मी वाद घातला नाही.

एक रविवार द हेगमध्ये घालवला तो जेवणासाठी. पॉल क्रूगरलान नावाच्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं ओळीने आहेत. ही सुरिनामहून आलेली हिंदुस्तानी मंडळी. त्यांचे पूर्वज १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून सुरिनामला गेले, पहिलं जहाज लाला रूख. नंतरच्या पिढ्या तिथून हॉलंडला आल्या. रोटी, बटाटा, शेंगा आणि चिकन अशी थाळी खाल्ली. दुकानातल्या आजी सरनामी बोलत होत्या. भोजपुरीसारखी भाषा, आम्हाला निम्मी समजली. “तुम्ही कुठले?” म्हणाल्या. सुरत सांगितल्यावर लगेच पुढचा प्रश्न, “म्हणजे गुजराती?” आता घरी मराठी, गाव अमळनेर, शाळेत गुजराती, हे सगळं त्यांना कसं सांगायचं याचा विचार करत होतो, तर त्या स्वतःच हसून म्हणाल्या, आमचंही असंच लांबलचक उत्तर असतं.

रॉटरडॅम हे रोजचं शहर. १४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ संपलं, म्हणून तिथं सगळं नवं. तिरके पिवळे क्यूब हाउस, नालेच्या आकाराचा मार्केट हॉल, पाहाच. मी मात्र पाहुण्यांना बेंथेमप्लाइनला नेई. दिसायला साधं खोलगट बास्केटबॉलचं मैदान, कडेला बसायला पायऱ्या. जोराचा पाऊस आला की आजूबाजूच्या छपरांवरचं पाणी मुद्दाम तिथं सोडतात. २०१३ साली बांधलेल्या या चौकात १७ लाख लिटर पाणी थांबतं आणि गटारांवरचा ताण उतरल्यावर हळूहळू निघून जातं. पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला. पाणी भरण्याची जागा आधीच ठरवून ठेवलेली, एवढीच युक्ती.

आणि मासलांटकेरिंग! रॉटरडॅमच्या बंदराच्या तोंडाशी दोन अवाढव्य दरवाजे आहेत, प्रत्येक २१० मीटर रुंद. रॉटरडॅमला पाणी शून्यापासून तीन मीटर चढणार असा अंदाज आला की संगणक स्वतः ते बंद करतो, माणसाच्या होकाराची वाट पाहत नाही. (आमच्याकडे साधा कोड लाइव्ह करायला चार जणांच्या सह्या लागतात.) दर सप्टेंबरात चाचणीसाठी ते बंद करतात आणि लोक डबे घेऊन पाहायला येतात. ऑफिसची मंडळी गेली, त्यात आम्हीही. दोन-अडीच तास अगदी संथ हालचाल, सोबत चीजचं सँडविच. लहान मुलं कंटाळली, आजोबा मंडळी नाही. त्यांतल्या कित्येकांना १९५३ आठवत असेल. आम्ही परतल्यावर, २१ डिसेंबर २०२३ ला, वाढलेल्या पाण्यामुळे ते दरवाजे पहिल्यांदाच स्वतःहून मिटले, आणि त्या रात्री सहकाऱ्याचा मेसेज आला: चालतंय!

समुद्राचं हे झालं. आपला प्रश्न तापीचाही आहे आणि खाडीचाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुटलेल्या पाण्याने शहर बुडालं, ती मोठी आठवण. पण लिंबायत, गोडादरा, पर्वत पाटिया या आपल्या पट्ट्यात दर एक-दोन वर्षांनी येतं ते खाडीपूर, मीठी खाडीचं. नाव मीठी, पाणी काळं. म्हणून मी नदी आणि ओढे पाहायला मुद्दाम दोन ठिकाणी गेलो.

पहिलं नाइमेखन. १९९५ च्या पुरात त्या नदीपट्ट्यातून अडीच लाख लोकांना हलवावं लागलं होतं. मग त्यांनी बांध उंच न करता मागे नेला, तब्बल ३५० मीटर, आणि वाल नदीला शेजारी दुसरा प्रवाह खोदून दिला. आज तिथं पूल, बेट, पोहायचा किनारा आहे. सुंदर आहे. पण त्यासाठी सुमारे ५० घरं पाडली, आणि ती पाडण्याआधी वर्षानुवर्षं वाद, बैठका, मोबदला असं सगळं झालं. हे वाचताना मला आपल्या खाडीकाठची घरं दिसत होती. ‘खाडी रुंद करा’ म्हणणं सोपं आहे. त्या काठावर राहतात कोण? धुळे-नंदुरबार-जळगावहून लूमवर आलेली आपलीच माणसं, ज्यांना तेवढीच जागा परवडली. तिथल्या पन्नास घरांना जेवढा वेळ आणि पैसा मिळाला तेवढा यांना कोण देणार, हे ठरल्याशिवाय मला तरी ती घोषणा देववत नाही.

दुसरं ठिकाण दक्षिणेचं फाल्कनबर्ख, त्या पर्वतापासून जवळच. गावातून खूल नावाची छोटी नदी वाहते, पाहिली तर ओढाच. जुलै २०२१ मध्ये तिनेच गाव बुडवलं. दोन वर्षांनीही काही दुकानांचं काम चालू होतं. एवढे दरवाजे, एवढे बांध असलेला देश, आणि बुडवलं एका ओढ्याने! कॅफेवाल्या काकूंना मी मोबाइलवर आमच्या गल्लीतले फोटो दाखवले. त्यांनी फ्रिज कुठे आहे ते विचारलं. आम्ही तो विटांवर चढवतो म्हटल्यावर त्या जी मान हलवली, त्याला भाषांतर लागलं नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं ते एक पाकीट. डेल्फ्टच्या जुन्या कालव्यावर १५०५ सालची एक दगडी इमारत आहे, दर्शनी भागावर रंगीत ढाली. पर्यटक फोटो काढतात, आम्हीही काढला. ते तिथल्या वाटरस्खापचं, म्हणजे पाणी-मंडळाचं, जुनं घर. देशात अशी २१ मंडळं आहेत आणि काहींची मुळं तेराव्या शतकातली. बांध, पंप, अगदी शेतामागचा चर, त्यातलं पाणी किती ठेवायचं, सगळं त्यांच्याकडे. आपल्या गणेश मंडळासारखंच मंडळ म्हणा, फक्त वर्गणी सक्तीची: वेगळा कर येतो. आणि त्यांची निवडणूक होते. मार्च २०२३ मध्ये आमच्या नावाने मतदानाचं पत्र आलं. मला वाटलं, चुकून आलं. पण नाही! राहण्याचा वैध परवाना असलेला, अठरा पूर्ण झालेला परदेशी माणूसही पाणी-मंडळाला मत देऊ शकतो. कारण पाणी घरात शिरताना पासपोर्ट विचारत नाही.

१५ मार्चला आम्ही दोघं गेलो. चादरीएवढी मतपत्रिका आणि लाल पेन्सिल. त्या आधीचे आठ दिवस उमेदवारांचं म्हणणं ट्रान्सलेटरवर टाकून वाचलं होतं. शेतकऱ्यांना पाणी खाली हवं, म्हणजे ट्रॅक्टर रुतत नाही. निसर्गवाद्यांना वर हवं, कारण पाणी उतरलं की पीट माती खचत जाते. काही सेंटिमीटरसाठी भांडण! त्याच दिवशी प्रांताचीही निवडणूक होती. तिथं आम्हाला मत नव्हतं, फक्त पाण्याला.

त्यांचं सगळं उचलून सुरतेत आणा, असं मी म्हणत नाही. त्यांचा वर्षाचा साधारण ८५० मिलिमीटर पाऊस बारा महिने भुरभुरतो. आपला बाराशेच्या आसपास, तो चार महिन्यांत कोसळतो, आणि समुद्राला भरती असली की खाडीतलं पाणी अडून राहतं. पण आमच्या गल्लीमागच्या चराची जबाबदारी कुणाची, हे तिथं मला एका पत्राने कळलं होतं. इथं जून २०२५ च्या खाडीपुरात पप्पा दोन दिवस फोन करत होते आणि प्रत्येक जण दुसरा नंबर देत होता. तिसऱ्या दिवशी पाणी आपणच उतरलं. आमच्या विंगमधल्या दोन कॉलेजच्या मुलांना धरून मी आता एक काम सुरू केलंय. सोसायटीच्या भिंतीवर रंगाने मोजपट्टी काढली आहे, तळमजल्याची फरशी म्हणजे शून्य. पाणी आलं की दर तासाला फोटो आणि वेळ एका शीटमध्ये. शेजारच्या तीन सोसायट्यांनी तोच शून्य मानायचं कबूल केलंय. चौथीचे सेक्रेटरी म्हणतात, आमची फरशी उंच आहे, आम्ही का मानू?

तो पोहणाऱ्या मुलीचा बाप डिसेंबरात सुरतेला येतोय. कतारगाम दरवाजाजवळ डच कब्रस्तान आहे, तिथं घुमटाखाली व्हॅन रेडे पुरलेला आहे. केरळच्या वनस्पतींवर बारा खंड काढणारा हा माणूस १६९१ मध्ये सुरतेकडे येताना वाटेत वारला. हे मी सांगेपर्यंत सहकाऱ्याला माहीत नव्हतं. मला तरी डेल्फ्टला जाईपर्यंत कुठे माहीत होतं! त्याला कब्रस्तान पाहायचंय, नानपुऱ्यातलं डच गार्डन पाहायचंय, आणि त्याने लिहिलंय, “तुमची खाडीसुद्धा.” आई म्हणते, पाहुण्याला खाडी कसली दाखवतोस, घरी शेवभाजी कर. त्याने तारीख आणि वेळ आत्ताच मागितली आहे. मी लिहिलं, अकरा ते चार. आईने ‘चार’ खोडायला लावलं.