हायडनची ‘सकाळ’

जोसेफ हायडनची डी मेजरमधील सहावी सिम्फनी १७६१ सालची. ‘ल मातँ’, म्हणजे ‘सकाळ’, या फ्रेंच नावाने ती ओळखली जाते; ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ या पुढच्या दोन सिम्फनी तिच्या पाठच्या बहिणी. त्या वर्षी १ मे रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, हायडन राजपुत्र पॉल आंतोन एस्टरहाझी यांच्या पदरी उपसंगीतप्रमुख म्हणून रुजू झाला. प्रमुखपदी वृद्ध ग्रेगोर वेर्नर होते, पण त्यांच्याकडे चर्चचे संगीत उरले. वाद्यवृंद हायडनच्या हाती आला. प्रहरांवर संगीत रचण्याची कल्पना राजपुत्राचीच होती, असे हायडनचा आरंभीचा चरित्रकार डीस सांगतो.

वाद्यवृंद लहान होता, पण त्यातले वादक तयारीचे होते. व्हायोलिनवर लुइजी टोमासिनी, चेलोवर जोसेफ वायगल. हायडनने प्रत्येकाला पुढे येऊन वाजवण्याची जागा दिली, आणि हेच या रचनेचे मर्म आहे. नाव सकाळचे असले, तरी सूर्योदय पहिल्या सहा बारांतच आटोपतो: व्हायोलिनचा अगदी हळू स्वर, त्यावर एकेक वाद्य चढत जाते आणि अखेरीस सारा वृंद दणदणीत स्वरात उजळतो. लगेच जलद ‘अलेग्रो’ सुरू होतो आणि फ्लूट मुख्य धून घेते. पुढे ती धून परतण्याच्या वेळी हॉर्न क्षणभर आधीच तिची चाहूल देतो. बेथोवेनच्या ‘एरोइका’त हॉर्नच्या अशाच अवेळी प्रवेशाने पुढे श्रोते चक्रावले, हायडनने ही युक्ती चाळीसेक वर्षे आधी वापरली होती.

दुसऱ्या भागात फुंकवाद्ये गप्प असतात. तंतुवाद्ये एकेक स्वर चढत सावकाश आरोह करतात, जणू गायनवर्गात नवशिक्यांकडून सरगम घोटून घेतली जात आहे. मधल्या ‘आंदांते’त व्हायोलिन आणि चेलो यांचा संवाद रंगतो आणि शेवटी संथ लय परतते. सरावाच्या साध्या आरोहातून एवढे गहिरे संगीत उभे राहते, हे या सिम्फनीचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल.

तिसऱ्या भागात, मिनुएटमध्ये, फ्लूट पुन्हा पुढे येते. त्याचा मधला भाग, ‘ट्रायो’, डी मायनरमध्ये जातो आणि तिथे बासून व डबल बास यांना स्वतंत्र वादन मिळते. एरवी सुरांचा पाया धरून मागे उभ्या राहणाऱ्या डबल बासला असा मान मिळणे विरळाच. अंतिम भाग फ्लूटच्या झरझर चढत्या स्वरांनी सुरू होतो, व्हायोलिन आणि चेलो त्याला उत्तर देतात आणि मध्ये टोमासिनीच्या तयारीला मोकळे मैदान मिळते.

बरोक काळातल्या ‘कॉन्चेर्तो ग्रोसो’त एकल वादकांचा लहान गट आणि पूर्ण वृंद आलटून पालटून वाजत. हायडनने ती रीत इथे चार भागांच्या सिम्फनीत मुरवली. मार्च १७६२ मध्ये पॉल आंतोन वारले आणि गादी धाकटे बंधू निकोलाउस यांच्याकडे गेली. त्यांच्या सेवेत हायडन १७९०पर्यंत राहिला.