घसाऱ्याच्या वहीत न मावणारी गाडी

बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कुठलीही मोटार दिसली, की तिच्या रंगाच्या आधी तिचा घसारा दिसतो. हिशेब सोपा असतो. शिल्लक किमतीतून दरवर्षी १५ टक्के वजा करायचे. एक लाखाची गाडी वर्षाने ८५ हजारांची, दोन वर्षांनी ७२,२५० रुपयांची आणि वीस वर्षांनी जेमतेम ३,९०० रुपयांची. असेच पन्नास वर्षे वजा करत गेले, तर लाखातले साधारण ३० रुपये उरतात. शून्य मात्र कधीच येत नाही. नोकरीत असताना हा मला गणिताचा एक चाळा वाटे. निवृत्तीनंतर परभणीच्या माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी गाडी येऊन उभी राहिली आणि त्या उरलेल्या तीस रुपयांचा अर्थ शोधण्यात माझी चार वर्षे गेली.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. मार्क थ्री, चार दारांची, १९७० सालची. गंगाखेडकडच्या एका गोठ्यात ती अनेक वर्षे उभी होती. टपावर कडबा रचलेला, मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार. मालकांच्या मुलांना जागा हवी होती, मला गाडी हवी होती. कागद शाबूत होते, इंजिन जाम होते. ट्रॅक्टरमागे बांधून ती परभणीला आणली. गल्लीतल्या पोरांनी विचारले, "काका, ही कोणती गाडी?" मी सांगितले, "स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण." पोरे हसली. पण नाते खरे आहे आणि ते समजावून सांगण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेराल्ड बाजारात आणली. तिची रेखाटणी ट्यूरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांची. त्या काळात इतर मोटारी एकसंध पत्र्याच्या सांगाड्यावर बनू लागल्या होत्या. या कंपनीला मात्र अखंड बॉडी बनवून देणारा कारखाना हाताशी उरला नव्हता. म्हणून हेराल्ड बनवली तीच सुट्या भागांची. खाली स्वतंत्र चासी आणि वर बोल्टांनी जोडलेले बॉडीचे तुकडे. मूळ गाडीचे टपसुद्धा बोल्ट काढून वेगळे करता येई आणि उघड्या टपाची हेराल्ड तर कारखान्यातूनच निघत होती. बॉनेट पुढच्या बाजूने उघडते आणि सबंध नाक, मडगार्डांसकट, पुढे कलते. मग इंजिन आणि पुढची दोन्ही चाके उघडी. माणूस टायरवर बसून काम करू शकतो. गाडी अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात वळते. याच चासीची लांबी कमी करून कंपनीने १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार काढली. ती १९८० पर्यंत बनत होती आणि जगभरच्या हौशी लोकांच्या घरोघरच्या शेडांत आजही खोलली-जोडली जाते.

आपल्याकडे स्पिटफायर बनली नाही. १९५३ नंतर सरकारचे धोरण असे झाले, की ज्याला भारतात हळूहळू सबंध गाडी बनवायची असेल त्यानेच धंद्यात राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबई-कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. चारचाकी मिळणे हेच भाग्य, तिथे दोन माणसांपुरती हौसेची गाडी कोण बनवणार? मद्रासला १९६१ पासून ९४८ सीसीची हेराल्ड बनू लागली. भारतीय कुटुंबाच्या नशिबी आलेली स्पोर्ट्स कारच्या रक्ताची गाडी ती एवढीच. पुढे गोव्यात सान स्टॉर्म ही दोन आसनी गाडी निघाली, फायबरची बॉडी आणि रेनोचे इंजिन असलेली. पण ती फार मोजक्यांच्याच दारी गेली.

खरी गंमत पुढे आहे. मद्रासच्या कारखान्याने ही इंग्रजी गाडी जशीच्या तशी ठेवली नाही. दोन दारांच्या गाडीत आजी-आजोबांना पुढची सीट वाकवून मागे बसवायचे, हे आपल्या घरात कसे चालावे? म्हणून १९६८ साली चार दारांची हेराल्ड निघाली. असली हेराल्ड इंग्लंडमध्ये नव्हतीच. हेराल्डचा मागचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी स्वतंत्र हलणारा. तो आपल्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना रुचला नाही. १९७२ साली गॅझेल आली ती सरळ, अखंड ॲक्सल घेऊनच. ज्याला आजची मुले 'मॉडिफाय' म्हणतात, ते आमच्या गल्लीत येण्यापूर्वी मद्रासच्या कारखान्यातच होऊन गेले होते.

आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तर त्याशिवाय गत्यंतरच नव्हते. मी कर्जखात्यात असताना शाखेतून ज्या गाड्यांना कर्जे दिली, त्यातली एकही दोन वर्षांनी कंपनीने दिली तशी राहिलेली मला आठवत नाही. काळी-पिवळी जीप मागे फळी टाकून लांबलेली. अँबॅसडरच्या पोटात मॅटाडोरचे डिझेल इंजिन. दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, हे सांगणारी रेघ कुणी ओढलेली नव्हती. जिंतूरच्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली, तर जे हाताशी असेल ते लावून ती घरी पोहोचवायची, हा मिस्त्रीचा धर्म होता.

माझी हेराल्ड खोलली तेव्हा पन्नास वर्षांचा हा धर्म नटबोल्टांसकट बाहेर पडला. पेट्रोल पंप जीपचा. भोंगा प्रीमियर पद्मिनीचा. एक दिवा ट्रॅक्टरचा. तडकलेल्या डॅशबोर्डाच्या जागी कुणा सुताराने सागवानी फळी इतकी नेटकी बसवली होती, की घड्याळांची भोके कंपासने आखल्यासारखी गोल.

काम घरीच करायचे ठरवले, कारण असली गाडी कुठलेही शोरूम आत घेत नाही. घरी काम करायलाही परभणीचे काही खास नियम आहेत. गाडीखाली उतरायला खड्डा खणावा, तर आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दगडी बांधकाम केल्याशिवाय खड्ड्याच्या भिंती टिकत नाहीत. आम्ही खड्ड्याचा नाद सोडून लोखंडी घोडे आणि चेन पुली आणली. दुसरीकडे याच कोरड्या हवेचे उपकारही आहेत. मुंबई-कोकणात एवढ्या वर्षांत चासीची चाळण झाली असती. इथे कडब्याखाली ओल धरलेला टपाचा भाग आणि दारांचे तळ तेवढे गंजले होते. डेंटरने ते कापून नवा पत्रा ठोकला. लांबीचे थर देऊन खड्डे बुजवण्याचा सोपा मार्ग त्याने स्वतःच नाकारला. "लांबी उन्हात तडकती, साहेब," एवढेच तो म्हणाला. मे महिन्यातले परभणीचे ऊन ज्याने पाहिले आहे, त्याला जास्त समजावून सांगावे लागत नाही.

या सगळ्यांत मुख्य आमचे मिस्त्री. सत्तरी ओलांडलेले, चष्म्याला दोरी, बोलणे दखनी आणि मराठी यांचे मिश्रण. त्यांची विद्या मला कळली ती पुढच्या चाकाशी. हेराल्ड आणि स्पिटफायर या दोन्ही गाड्यांत पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला आट्यांनी एका पितळी तुकड्यात बसतो. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले, की दांडा त्या आट्यांत फिरतो. आता बहुतेक जुन्या गाड्यांना असल्या ठिकाणी ग्रीस मारायचे, ही सवय. इथे कंपनीने सांगितले आहे गिअरचे जाड तेल. घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही, आत पाणी शिरते, दांडा गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक कोलमडते. जगभर या गाड्यांचे हौशी लोक एकमेकांना हीच गोष्ट बजावत असतात. आमच्या मिस्त्रींनी कंपनीचे पुस्तक कधी पाहिलेले नाही. माझ्या हातातली ग्रीसगन त्यांनी नुसती बाजूला ठेवली. "इसको तेल पिलाना पडता, साब. उस्ताद ने बोले थे." उस्तादांना कुणी सांगितले, ते त्यांना ठाऊक नव्हते.

गंमत अशी, की स्पिटफायरवर जीव टाकणारे लोक इंग्लंडात इतके आहेत, की तिच्या रबरी बुशांपासून ट्रनियनपर्यंत पुष्कळ भाग आजही नव्याने बनतात आणि ते बहिणीलाही चालतात. काही माल तिकडून मागवला, काही चेन्नईच्या पुदुपेट बाजारातून रेल्वेने आला. जे कुठेच मिळाले नाही, ते स्टेशन रोडवरच्या लेथवर तासून घेतले. एखादा भाग पहिल्याच फटक्यात बसला, की मिस्त्री म्हणायचे, "बनी तो बनी, नही तो परभनी." बाहेरचे लोक ही म्हण आम्हाला हिणवायला वापरतात. मिस्त्रींच्या तोंडी ती कामाची पावती होती.

मग आला टपाचा प्रश्न. माझ्या पुतण्याचे म्हणणे, टप कापा, रुंद टायर घाला, मारुतीचे इंजिन टाका आणि परभणीची स्पिटफायर करा. मोह मलाही होता. बिनटपाची गाडी वसमत रस्त्यावर संध्याकाळच्या वाऱ्यात कशी धावेल, याची स्वप्ने मीही पाहिली. पण चार दारांच्या गाडीचे टप कापले, की मधले खांब मोकळे पडतात, बॉडीचा ताठपणा जातो आणि दारे नीट लागत नाहीत. शिवाय कायदा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा विचार केला, तर हे योग्यच म्हणावे लागेल.

जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नियमावली आली. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत आणि गाडी रोजच्या वापरात नसावी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. जुन्या गाड्यांना कायद्यात जागा मिळाली, याचा आनंद आहे. तरी 'मूळ स्वरूप' या शब्दांशी मी अडखळलो. राजेरजवाड्यांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी मूळ स्वरूपात राहते. परभणीत पन्नास वर्षे दवाखाना, बाजार आणि लग्नकार्ये करत जगलेली गाडी मूळ स्वरूपात कशी राहील? ती जगली हीच तिच्या दुरुस्त्यांची कमाई.

शेवटी आम्ही तीन ठराव केले. पहिला, टप, चासी आणि इंजिन कंपनीचेच राहील. दुसरा, जिवाच्या सुरक्षेसाठी लागेल ते नवे घालायचे. सीटला पट्टे, ब्रेकच्या नव्या नळ्या, वायरिंगला फ्यूज. तिसरा, मागच्या मिस्त्रींनी केलेले जे काम चांगले आहे, ते पुसायचे नाही. ट्रॅक्टरचा दिवा गेला. सागवानी डॅशबोर्ड राहिला. उघड्या टपाची हौस मी चारही काचा खाली करून भागवतो.

'नवे घालायचे' याची यादी मात्र आम्हाला वाटली त्यापेक्षा लांबली, कारण गाडी जुनी असली तरी तिला पाजायचे पेट्रोल आजचे असते. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या बिडाच्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचा आधार होता. तो गेला, म्हणून कडक धातूच्या नव्या सीट बसवून घेतल्या. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुने रबर खाते. पेट्रोल पंपाचा पडदा वर्षभरात चिकट झाला, तेव्हा त्या बेताच्या सगळ्या नळ्या बदलल्या. मराठवाड्यात उसाला पाणी किती द्यावे, यावर इतकी वर्षे भांडणे ऐकली. त्या उसाचा अर्क एक दिवस माझ्या गाडीचा पडदा खाईल, असे वाटले नव्हते.

खर्च किती आला, असे मित्र विचारतात. बँकेच्या नजरेने पाहिले, तर या गाडीवर कुणीही एक रुपयाचे कर्ज देऊ नये. पण सुट्या भागांचे पैसे बाजूला काढले, तर उरलेली सगळी रक्कम या गावातल्या पाच-सहा जोड्या हातांना गेली. पत्रा जोडणारा, लेथवाला, सीट शिवणारा, रेडिएटर झाळणारा. त्यातल्या एकाच्याही दुकानात आता शिकाऊ पोरगा नाही. नव्या गाड्यांना संगणक लावतात, बिघडलेला भाग काढून नवा बसवतात. ते कामही कौशल्याचेच आहे. पण त्यात पत्रा ऐकून ठोकावा लागत नाही. मिस्त्रींचे दोन्ही मुलगे पुण्याला कंपनीत आहेत. गाड्यांच्या नोंदणीला कायदा झाला, हातांच्या नोंदणीला कुणी रजिस्टर ठेवलेले नाही.

म्हणून सध्या मी एक काम हाती घेतले आहे. दर रविवारी सकाळी मिस्त्री येतात, चहा होतो, बॉनेट पुढे कलते आणि ते सांगतील ते मी लांब लेजरच्या वहीत उतरवून घेतो. कुठल्या बोल्टाला किती ताण, कुठल्या आवाजाचा काय अर्थ. आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अशा चार मिस्त्रींना वर्गात उभे केले, तर खर्च फार येणार नाही, हे मी हिशेबाच्या अनुभवाने सांगू शकतो. शेजारचा डिप्लोमाला असलेला मुलगा आता रविवारी वहीजवळ येऊन बसतो. गेल्या महिन्यात ट्रनियनला तेल त्याने दिले. मिस्त्री टायरवर बसून पाहत होते. त्यांनी एकदाच सांगितले, "और दे, और. नीचे से टपकने दे." तेल खालून टपकेपर्यंत मुलगा थांबला.